गोकुळभाऊ असं म्हणाले नव्हते

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. फक्त ती जशी त्यांना माहीत आहे तशी घडलेली नाही. माझ्याशिवाय ज्या एका माणसाला हे ठाऊक आहे, त्याने कधी तोंड उघडलं नाही. आणि मी? मी तर नाहीच. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, बँकेत शेजारच्या काउंटरवर बसणाऱ्या मैत्रिणीजवळही नाही — जिला मी सासूच्या बोलण्यापासून दाढदुखीपर्यंत सगळं सांगते. तुम्हाला का सांगते आहे, कुणास ठाऊक. तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनही असेल.

गाडीपासून सुरुवात करते. गाडीविषयी बोलायला मला सोपं जातं.

नव्वदच्या दिवाळीत आम्ही जुनी व्हॅन घेतली. "आम्ही" म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते — घेतली मी. घरातलं कुणी फारसं राजी नव्हतं. ह्यांचं म्हणणं, स्कूटर आहे ना. सासऱ्यांचं, नानांचं म्हणणं, जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं आपल्या घरी. मी मात्र हट्टाला पेटले होते. आमच्या बँकेतल्या एका साहेबांचा मेहुणा गाडी विकायला काढत होता. मी ती पाहिली, चालवली आणि ठरवून टाकली. मीटर बत्तीस हजारांवर होतं. घरी येऊन मी तो आकडा असा सांगितला, जसा मुलाचा बोर्डाचा निकाल सांगावा. एकहाती वापरलेली, फक्त बत्तीस हजार! नानांनी सुद्धा मान डोलावली, आणि नाना मान डोलावणाऱ्यांतले नव्हते.

ड्रायव्हिंग मी सुरतेत, रांदेर रोडच्या मोटर स्कूलमध्ये शिकले होते. आमच्या सोसायटीतल्या मराठी बायकांत गाडी चालवणारी मी पहिली. सकाळी मी व्हॅन बाहेर काढायची तेव्हा गॅलऱ्यांमधून बायका बघायच्या, आणि त्या बघतायत हे मला माहीत असायचं. मी मुद्दाम आरसा नीट करत दोन मिनिटं जास्त थांबायची. शेफारले होते, दुसरा शब्द नाही.

पण त्या शेफारण्याच्या मागेही काही होतं, तेही सांगायला हवं. सबब म्हणून नाही — सबब देणार नाही असं ठरवूनच बसले आहे — नुसतं कळावं म्हणून. माझं माहेर खानदेशातलं, अमळनेरकडचं. घरात आम्ही अहिराणी बोलायचो. सासर नगरकडचं, नानांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे सुरतेत आलेलं, आणि भाषेच्या बाबतीत फार सोवळं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी "चहा तयार शे" म्हणाले, तर सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग आल्यागेल्याला ते सांगत राहिल्या. सुरतेत खानदेशी म्हणजे कापडाच्या लूमवर काम करणारे, उधन्याच्या चाळीतले — असं आमच्याकडे धरून चालायचे. मी एम.कॉम. होते, बँकेत होते, तरी त्या एका "शे"ने मी पुन्हा चाळीत जाऊन बसायची. महिनाभरात मी अहिराणी सोडली. तोंडातून चुकूनसुद्धा येऊ द्यायची नाही. मग नोकरी, मग ड्रायव्हिंग, मग गाडी — एकेक पायरी चढत मी त्या घरात उंच झाले होते. ती गाडी माझी उंची होती, असं म्हणा.

गोकुळभाऊ मला सापडले ते गाडी घेतल्यावर पंधरा दिवसांनी. उधन्याला रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. गाडी गरम होत होती म्हणून कुणीतरी पत्ता दिला. बोलता बोलता माहेर निघालं, आणि ते माझ्याच गावचे निघाले! आमच्या आळीच्या मागच्या आळीतले. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे. मी त्यांना लहानपणी पाहिलेलं असणार, पण आठवत नव्हतं. त्यांना मी आठवत होते — मास्तरांची पुष्पा. त्यांनी हात पुसले, पाना बाजूला ठेवला आणि त्या दिवसापासून मी त्यांची बहीण झाले.

हे तुम्हाला कदाचित विचित्र वाटेल. आमच्याकडे गावची लेक ही सगळ्या गावाची लेक असते. तिच्या सासरी गावचा माणूस गेला, तर तो तिथे पाहुणा नसतो, तिच्या माहेरचा असतो. तो तिच्या घरी चहा घेईल, पण जाताना तिच्या हातावर काहीतरी ठेवून जाईल — दोन रुपये, पाच रुपये, बांगड्यांसाठी म्हणून. लेकीचं फुकट खायचं नाही. आणि तिच्या सासरच्या माणसांसमोर तिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. गोकुळभाऊ घरी गाडी बघायला आले की चहा घ्यायचे आणि जाताना माझ्या हातावर दोनाची नोट ठेवायचे. सासूबाईंना त्याचं हसू यायचं. मीही त्यांच्याबरोबर हसायची. घरच्यांसमोर मी गोकुळभाऊंशी शुद्ध मराठी बोलायची. ते मात्र आम्ही दोघंच असलो की अहिराणीत बोलायचे. मी उत्तर मराठीत द्यायची. त्यांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही.

डिसेंबरात मी प्लग बदलायला गाडी नेली. त्यांनी ड्रायव्हरची सीट उचलली — व्हॅनचं इंजिन सीटखालीच असतं — आणि बराच वेळ वाकून राहिले. मग एक झाकण काढलं, मला जवळ बोलावलं आणि बोटाने दाखवलं. आत एक दातेरी रबरी पट्टा होता. टाइमिंग बेल्ट. इंजिनाचं वरचं फिरणं आणि खालचं फिरणं त्याच्यामुळे जुळून चालतं, एवढं मला मोटर स्कूलमध्ये कळलं होतं. त्यांनी पट्टा बोटाने जरा वाकवला. दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा होत्या, आणि पाठ वाळून चकाकत होती. बदलायला पाहिजे, म्हणाले.

मी म्हटलं, गाडी तर बत्तीस हजारच चालली आहे. तेहतीस म्हणा. आणि पुस्तकात तर बरंच पुढचं लिहिलंय.

खाली वाकून त्यांनी क्लचच्या पेडलला हात लावला. पेडलचं रबर झिजून एका बाजूने लोखंड दिसत होतं. मी रोज त्यावर पाय ठेवत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मग त्यांनी स्टिअरिंगचा गुळगुळीत झालेला भाग दाखवला. मीटरमधले आकडे दाखवले — पहिले दोन इतरांपेक्षा किंचित वर बसले होते. आणि अगदी हळू, माझी लाज राखत, म्हणाले, "मीटर खोटं बोली राहिनं, ताई. पेडलकडे देख."

मीटर मागे फिरवलेलं होतं. त्यांच्या अंदाजाने गाडी लाखाच्या घरात होती.

माझ्या डोळ्यांसमोर त्या क्षणी काय आलं असेल, सांगा? पट्टा नाही. साहेबांचा मेहुणाही नाही. नानांचा चेहरा आला. नाना दर रविवारी सकाळी चष्मा लावून व्हॅनमध्ये बसायचे आणि मीटरचा आकडा वहीत उतरवायचे. गाडीचं पुस्तक त्यांना पाठ होतं. तेहतीस हजारांना टाइमिंग बेल्ट बदलला असं सांगितलं असतं, तर त्यांनी "का?" विचारलं असतं. आणि त्या "का?"ला एकच उत्तर होतं. मी फसले. मला गाडीतलं काही कळत नव्हतं. तुम्ही म्हणत होता तेच खरं.

मी गोकुळभाऊंना म्हटलं, बघू. संक्रांत होऊ दे.

त्यांनी जाताना एवढंच सांगितलं — आणि हे वाक्य मला झोपेत सुद्धा म्हणता येईल — "हाऊ पट्टा आवाज करत नही. एक दिन तुटी जास, बस."

आवाज करत नाही. तुम्हाला कळतंय ना, ह्याचा अर्थ काय? ब्रेक किरकिरतात, सायलेन्सर फुटला तर सगळ्या गल्लीला कळतं, टायर आधी बसतो. हा मात्र चालू असेपर्यंत अगदी ठीक चालतो. त्या दिवसापासून मी गाडी चालवताना कान टवकारून बसायची, आणि ऐकण्यासारखं काही नसायचं. रिंग रोडवर, गर्दीत, ट्रकच्या पुढे — आत्ता तुटेल, आत्ता तुटेल. आणि गंमत अशी की घरी पोचले म्हणजे माझी हिंमत वाढायची. आजही चालली ना? मग उद्याही चालेल. मी रोज मरणाची भीती घेऊन जायची आणि रोज संध्याकाळी शहाणी ठरायची.

पट्टा कधी बदलायचा, हे मी असं ठरवत होते. संक्रांत झाली की. मग बँकेतलं इन्स्पेक्शन झालं की. मग नणंदेचं, नीलिमाचं डोहाळजेवण झालं की. प्रत्येक तारीख जवळ आली की पुढची दिसायची.

संक्रांतीनंतर गोकुळभाऊंनी दुसऱ्यांदा सांगितलं. मी हो हो म्हटलं.

तिसऱ्यांदा सांगितलं ते जानेवारीच्या शेवटी. आता जे सांगणार आहे ते मला सांगायचं नव्हतं. मी म्हटलं असतं की हे दोनदाच घडलं, तर तुम्हाला कुठे कळणार होतं? पण मग हे सगळं लिहायचं तरी कशाला.

ते स्वतः बँकेत आले. कामाचे कपडे बदलून, केसांना तेल लावून, काउंटरपाशी उभे. मी त्यांना बाहेर नेलं, कारण लोक बघत होते — खरं तर कुणी बघत नव्हतं. त्यांनी नवा पट्टा आणून ठेवला होता. म्हणाले, जेवणाच्या सुट्टीत गाडी सोड, चार वाजता घेऊन जा. घरी कुणाला कळायचं कारण नाही. मी कुणाजवळ बोलणार नाही. नानांच्या वहीत काही येणार नाही. त्यांनी माझी सगळी अडचण ओळखली होती. मी एक अक्षर न सांगता.

आता सांगा, ह्यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? घरचा प्रश्न सुटला होता. कुणाला कळणार नव्हतं. चार तास, आणि माझं रोजचं मरण संपलं असतं. मी हे किती वेळा मनात फिरवून पाहिलं आहे. कुठूनही धरलं तरी नाही म्हणायला जागा नाही.

मी नाही म्हटलं. मला राग आला. ह्या माणसाला माझं गुपित ठाऊक आहे, तो ते माझ्यासाठी सांभाळणार आहे, आणि मी जन्मभर त्याच्या उपकाराखाली राहणार — उधन्याच्या शेडमधल्या, तेलाने माखलेल्या, अहिराणी बोलणाऱ्या माणसाच्या. हे त्या वेळी असं शब्दांत आलं नाही. पण होतं तेच. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही तुमचं काम बघा. माझ्या गाडीचं मला कळतं." अगदी स्वच्छ, सासूबाईंना आवडलं असतं असं मराठी. ते "बरं" म्हणाले आणि गेले. त्यानंतर मी गाडी त्यांच्याकडे नेलीच नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही नीलिमाच्या डोहाळजेवणाला तिच्या सासरी, व्याऱ्याला निघालो. मी चालवत होते. शेजारी नाना, मागे सासूबाई, हे आणि माझा दीर सुधीर. सुधीर तेव्हा तेवीसचा होता. रेल्वेच्या असिस्टंट ड्रायव्हरच्या परीक्षेत पास झाला होता. एप्रिलमध्ये मेडिकल होती. लहानपणापासून त्याला इंजिन चालवायचं होतं. सगळा रस्ता तो मला चिडवत होता — वहिनी, तुमच्या डब्याला सिग्नल देऊ का, लेव्हल क्रॉसिंग आलंय बघा. मी हसत होते. मांडीवर हाताचा घाम पुसत होते.

बारडोलीच्या अलीकडे, कालव्याच्या पुलाच्या चढावर, इंजिन बंद पडलं. धक्का नाही, आवाज नाही. नुसतं गेलं. मी सेल्फ मारला तर इंजिन भलतंच हलकं गरगरलं. मला त्याच क्षणी कळलं. गाडीतल्या पाच माणसांपैकी मला एकटीला कळलं, आणि मी म्हटलं, "पेट्रोल चढत नसेल."

साखर कारखान्याचे दिवस. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस आभाळाएवढा. चढावर गाडी उभी ठेवणं बरं नव्हतं, म्हणून हे आणि सुधीर उतरून ढकलायला लागले. मी स्टिअरिंग धरून होते. आरशात मला ट्रॅक्टर दिसला. तो आमच्या बाजूने निघून गेला, पहिली ट्रॉली गेली, दुसरी वळताना आत आली. हे आतल्या बाजूला होते. सुधीर बाहेरच्या.

ट्रॉलीचं चाक त्याच्या उजव्या पायावरून गेलं.

बाकीचं सांगत नाही. त्याचं ओरडणं मी ऐकलं, तेवढं पुरे.

बारडोलीला दवाखान्यात दाखल केलं, तिथून दुसऱ्या दिवशी सुरतेला. तीन ऑपरेशनं झाली. दोन बोटं काढावी लागली आणि घोटा कायमचा ताठ झाला. एप्रिलची मेडिकल आली आणि गेली.

पण मला सांगायचं आहे ते पहिल्या संध्याकाळचं. बारडोलीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही बाकावर बसलो होतो. हे गाडी ओढून नेलेल्या तिथल्या मेकॅनिककडे जाऊन आले होते. तो म्हणाला होता, पट्टो तो साव सडी गयेलो, कोईए जोयो नहि? हे तेच पुन्हा सांगत होते — पट्टा पार गेलेला होता, कुणी बघितला नाही का? नाना माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे लक्षात घ्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"गोकुळने पट्ट्याविषयी काही सांगितलं नव्हतं?"

मला किती वेळ होता? एक श्वास. आत सुधीर होता. समोर सासूबाई रडत होत्या. मी खरं सांगू शकत होते. "मला आठवत नाही" म्हणू शकत होते. नुसतं "नाही" म्हणता आलं असतं, तेही खोटंच, पण लहान खोटं. मी यातलं काहीच केलं नाही.

"सांगितलं होतं," मी म्हटलं. "त्यांनी झाकण काढून बघितला होता. म्हणाले, अजून वर्षभर हात लावायला नको."

मी त्यांच्या तोंडी वाक्य घातलं. तेही असं — झाकणासकट, बारकाव्यासकट — की कुणालाही खरं वाटावं. आणि ते घरच्यांना किती पटकन खरं वाटलं! कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. सासूबाई म्हणाल्या, ही लूमवाली माणसं, अंदाजाने कामं करणार. मला आधीच ठाऊक होतं की त्या असंच म्हणतील. मी त्यावरच तर टेकले होते. ज्या हसण्याने मला इतकी वर्षं सोललं होतं, तेच मी त्यांच्यावर सोडलं.

चार दिवसांनी नाना आणि हे उधन्याला जायला निघाले. मलाही बरोबर घेतलं — समोरासमोर होऊ दे, म्हणाले. रिक्षात मी काय करत होते, माहीत आहे? घाबरले नव्हते. हे सगळ्यात वाईट आहे. मी हिशोब करत होते की ते बोलणार नाहीत. गावच्या लेकीचा शब्द तिच्या सासऱ्यासमोर ते खाली पाडणार नाहीत. जी रीत मी सासूबाईंबरोबर बसून हसण्यावारी नेली होती, तिच्यावर मी आता पूर्ण भार टाकून बसले होते.

नानांनी शेडमध्ये उभं राहूनच विचारलं. तू असं म्हणाला होतास का? गोकुळभाऊंनी आधी विचारलं, सुधीरभाऊ कसे आहेत. मग ते माझ्याकडे बघायला लागले. रागाने नाही. काही विचारत असल्यासारखे — बोलू का, असं. मी त्यांच्या नजरेला नजर दिली. खाली सुद्धा बघितलं नाही. एवढं तरी करायचं होतं मी, नाही का?

"हो साहेब," ते म्हणाले. "मीच म्हणालो होतो. माझी चूक झाली."

नाना फार बोलले. हेही बोलले, तरुण पोराचं आयुष्य घालवलंस, म्हणाले. शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं उभी होती, ती ऐकत होती. मी बाहेर जाऊन रिक्षात बसले.

त्यानंतर आठवड्याने ते आमच्या घरी आले. सुधीरला नुकतं दवाखान्यातून आणलं होतं. गोकुळभाऊंनी चपला बाहेर काढल्या, आत आले आणि सुधीरच्या प्लास्टर घातलेल्या पायाशी वाकले. माफ करा म्हणाले. सुधीरने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी काय केलं असेल? मी चहा ठेवला. कपबशी घेऊन बाहेर आले आणि त्यांना विचारलं, साखर बरोबर आहे का. त्यांनी अर्धा कप घेतला. जाताना दारात, नेहमीसारखी, माझ्या हातावर नोट ठेवली. या वेळी दहाची होती. माझी मूठ मिटत नव्हती, म्हणून त्यांनी ती मिटवली आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "गावनी पोर शे तू."

मी नोट घेतली. परत केली नाही, काही बोलले नाही. दार लावून घेतलं.

सुरतेतली मराठी माणसं एकमेकांना धरून असतात, तशीच एकमेकांचं ऐकूनही असतात. गणपतीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. गोकुळ मिस्त्रीने एका मुलाचा पाय घालवला, आणि स्वतः कबूल केलंय म्हणे! कबुली दिल्यावर मग कोण जातं? आमच्या मराठी मंडळातल्यांच्या गाड्या त्यांच्याकडे जाईनाशा झाल्या, बँकेतल्यांच्याही. मीही एकदोघांना "नका जाऊ" म्हटलं, कारण माझ्याकडून तशी अपेक्षा होती. दिवाळीला शेड बंद झाली. व्हॅन नानांनी पुढच्या वर्षी विकली, चाळीस हजार किलोमीटर चाललेली म्हणून, दर रविवारची वही दाखवून. घेणाऱ्याने त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. मी तिथेच बसले होते.

मग ते एकदाच भेटले. चार-पाच वर्षांनी, इच्छापोरला एका कारखान्याच्या फाटकापाशी; मी बँकेच्या कामाने, बँकेची गाडी घेऊन गेले होते. ते तिथे ठेकेदाराकडे लागले होते, ट्रकांचं ग्रीसिंग करायला. केस पांढरे झाले होते. मला बघून पुढे आले, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो — "सुधीरभाऊना पाय कसा शे आते?"

त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे कितीतरी शब्द होते. आसपास सासूबाई नव्हत्या, नाना नव्हते, कुणी नव्हतं. "बरा आहे," मी म्हटलं. मराठीत. आणि गिअर टाकला.

सुधीरने पुढे घड्याळांची एजन्सी घेतली. दुकान बरं चालतं. लग्न झालं, मुलगी झाली. ती आता सहा वर्षांची आहे, आणि सहा वर्षांची मुलं करतात तसं सगळ्याचं कारण विचारते. परवा जेवताना तिने विचारलं, बाबा, तुम्ही असे का चालता? सुधीरने तिला सगळं सांगितलं. व्हॅन, ऊस, ट्रॅक्टर. आणि मग, की एक मिस्त्री होता, गोकुळ नावाचा, त्याला पट्टा खराब झालेला दिसला होता, पण त्याने आळस केला आणि तुझ्या काकूला सांगितलं, वर्षभर काही होत नाही.

तिने घास तसाच धरून माझ्याकडे बघितलं. "खरंच असं म्हणाला तो, काकू?"

सगळे जेवत होते. सुधीर, हे, नाना. कुणी मान वर सुद्धा केली नाही, इतकं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"हो," मी म्हटलं, आणि तिच्या पानात वरण वाढलं.

हे गेल्या रविवारचं.